कापसाच्या जमिनीवरचं घर

आम्ही दोघं प्लॉट बघायला गेलो तेव्हा विकणारा म्हणाला, "साहेब, इथं कापूस छातीला लागायचा." आमच्या ह्यांनी ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं आणि म्हणाले, "सोनं हाय, सोनं." बिडकीनकडच्या शेतकऱ्यांची आम्ही पोरं, जमीन म्हटली की पीक बघायचं, एवढंच ठाऊक. घराला कापूस पिकवायचा नसतो, हे डोक्यात आलंच नाही.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्याबरोबर आमचं घरही वरखाली व्हायला लागलं. सगळ्यात जास्त कोपऱ्यातलं बाथरूम. पावसाळ्यात चौकट आवळायची, दार अडायचं. सुतार येऊन तासून द्यायचा. उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडायची. मग तोच सुतार पट्टी ठोकायचा. मला तर तो घरचाच माणूस वाटायला लागला होता.

हसण्यावारी नेलं तोवर चाललं. मग ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वॉकर धरून चालायला लागले आणि त्याच वर्षी श्रावणात बाथरूममध्ये अडकले. दार फोडून बाहेर काढलं. त्यानंतर मी तिथं पडदा लावला. आयुष्यभर इस्त्रीच्या शर्टाशिवाय दारात न आलेला माणूस पडद्याआड बसायचा, बाहेर मी पहाऱ्याला. पाहुणे येणार असले की हे सकाळपासून पाणी प्यायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही.

दिवाळीनंतर मिस्त्री बोलावला. "वरून कितीबी लिंपा, ताई. पाया काळीत हाय. मुरूम लागंपर्यंत खाली न्यावा लागंल," तो म्हणाला. कोपऱ्यात थोडं थोडं खणून पायाखालची काळी काढली, घट्ट मुरमापर्यंत काँक्रीट भरलं. घरभर धूळ, अंगणात मातीचे ढीग, आणि सगळ्यांचा चहा माझ्याकडे. वर मिस्त्रीनं बजावलं, उन्हाळ्यात भिंतीलगतची जमीन तडकू द्यायची नाही, ओल धरायची. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या शहरात जमिनीला पाणी पाजा! कपड्यांचं, भांड्यांचं पाणी बादल्यांनी उचलून मी घराभोवती ओतत राहिले. गुडघे बोलायला लागले. चिडचिड व्हायची, ह्यांच्यावर, मिस्त्रीवर, त्या छातीएवढ्या कापसावर.

यंदा पाऊस झाला, जमीन फुगली. नवं दार बसवून झालं होतं, पण पडदा काढायचा मला धीर होईना. एका सकाळी ह्यांनीच तो चांगल्या हातानं ओढून पाडला आणि आत गेले. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

मी बाहेर उभीच.

"अगं, उभी राहू नको. जा तू," ते आतून म्हणाले.

कुठं जाणार? इतक्या दिवसांचा शीण एकदम अंगावर आला. तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाला पदर लावला.