आत्याने मला ओरडायला लावलं

माझ्या डाव्या बरगड्यांवर वीतभर लांब व्रण आहे. तो माझ्या आत्याच्या हट्टाचा आहे.

आत्या आज सकाळी गेली.

पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. गिऱ्हाईक तिच्याशी घासाघीस करताना आधी देवाचं नाव घ्यायचं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी पाच वर्षांची. सारखा ताप, सारखा खोकला, दर वेळी न्यूमोनिया. शेवटी पनवेलच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि आम्हाला मुंबईला धाडलं.

तिथले सर्जन म्हणाले, फुप्फुसाच्या एका भागात जन्मापासून हवेने फुगलेल्या पिशव्या आहेत. औषधाने जाणार नाहीत. तेवढा भाग काढला तर पोर धावेल, नाहीतर कधीतरी जिवावर बेतेल.

घोळ माशाच्या पोटातली हवेची पिशवी आत्याने आयुष्यभर काढलेली. तिला लगेच पटलं.

बाबांना पटेना. छाती कापलेल्या मुलीशी लग्न कोण करणार, म्हणाले.

आत्या म्हणाली, "नवरा मिलंल नाय मिलंल. आदी पोरीला दम तर घेव दे."

संपला विषय. बाबांनी होकार दिला.

ऑपरेशन झकास झालं. पण दुखतं म्हणून मी श्वासच नीट घेईना. आणि आत्याचा कॉटशेजारी पहारा. टाके तुटतील म्हणून मला बोलू देईना, रडू देईना. अख्खा वॉर्ड तिने गप्प बसवला.

राउंडला डॉक्टर आले आणि तिलाच झापलं. उरलेलं फुप्फुस फुगायला हवं. पोरीला खोकू द्या, फुगे फुगवू द्या, ओरडू द्या.

आत्या खजील झालेली मी तेव्हाच पाहिली. मग तिने पदर खोचला.

फुगा मी फेकून दिला. तर तिने जेवणाचं रिकामं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, म्हावरा इक.

मी पुटपुटले.

"बाजारात हाय का देवलात? कोन ऐकंल तुला?"

उशी छातीशी घट्ट धरून मी ओरडले, "पापलेट घ्याऽऽ!"

भयंकर दुखलं. रडले. परत ओरडले. शेजारच्या कॉटवाल्या बायका भाव विचारायला लागल्या, मग तर मला चेवच आला.

पुढचा एक्स-रे बघून डॉक्टर हसले. फुप्फुस मस्त फुगलं होतं.

आता मी करंजा बंदरावर मासळीचा लिलाव पुकारते. बोटींची इंजिनं चालू असली तरी माझा आवाज धक्क्याच्या टोकापर्यंत जातो. आणि हो बाबा, लग्नही झालं.

आत्ये, आज रडले. टाके तुटायची भीती नव्हती, म्हणून पोटभर रडले.

उद्या सकाळी धक्क्यावर पहिला पुकारा तुझ्यासाठी. पूर्ण दम घेऊन.