परका आवाज

सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची, अगदी तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले टेलरमास्तरसुद्धा. भाची हाक मारते ती ऐकून ऐकून सगळ्यांच्या तोंडात तेच बसलं. मास्तरांच्या दुकानात ती काज-बटणाचं काम करायची. पट्टीवर काज कापायचं, कडेनं दाट टाके घालायचे, बटण लावून मागून गाठ मारायची. मशीनवर काजं होतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मशीनच्या काजाबद्दल तिचं मत कुणी विचारू नये, निम्मी दुपार त्यात गेलीच म्हणून समजा. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळच कुठे होता." ते खोटंही नव्हतं. वहिनी गेली तेव्हा भाची चार वर्षांची होती. अकराव्या वर्षी ताप डोक्यात चढला आणि पोरीची नजर गेली. त्यानंतर आत्याला स्वतःचं असं काही उरलंच नाही.

भाचीला फिजिओथेरपीच्या कॉलेजात जायचं होतं. तिचे हात चांगले होते. दिवसभर वाकून आखडलेली आत्याची मान ती दोन बोटांनी अशी मोकळी करायची की आत्या बसल्या जागी पेंगायला लागायची. पण कॉलेज असं मान दाबून मिळत नाही. त्याला प्रवेश परीक्षा होती आणि परीक्षेत विज्ञानाचा भाग होता. भाषा आणि गणितात पोरगी कुणाला ऐकत नव्हती. घोडं अडायचं ते विज्ञानापाशी. तिथे पाठ केलेलं कामाला येत नाही. एक प्रयोग सांगतात, त्याचा आलेख देतात, आणि मग चार पर्याय पुढे ठेवतात.

आदल्या वर्षी ती तिथेच आपटली होती. दादा, म्हणजे आत्याचा भाऊ आणि पोरीचा बाप, रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचा. त्यानं साहेबांच्या हातापाया पडून तिच्यासाठी टेलिफोनवरची जागा बोलून ठेवली होती. "यंदा झालं तर झालं," तो म्हणाला. "नाहीतर गपचूप फोनवर बसायचं. मी शब्द दिलाय." माणूस वाईट नव्हता तो, थकला होता. पण फोनवर बसायचं म्हटलं की पोरगी जेवता जेवता थांबायची, आणि ते आत्याला बघवायचं नाही.

मग आत्यानं पदर खोचला. मास्तरांकडून कॉलरमध्ये घालायच्या कडक बुकरमचे तुकडे मागून आणले आणि त्यांच्यावर आलेख शिवायला घेतले. कडेच्या दोन रेषा जाड दोऱ्यानं, पहिली वक्ररेषा साध्या टाक्यात, दुसरी साखळी टाक्यात, म्हणजे बोटाला फरक कळावा. गरम पाणी निवत जातं ती रेषा, वजन टांगल्यावर ताणत जाणाऱ्या स्प्रिंगची रेषा, उजेड वाढवला की भरभर वाढून पुढे अडून बसणारं रोप. परीक्षेतही असेच उठावाचे आलेख मिळणार होते. प्रश्न मात्र कुणीतरी वाचून दाखवणार होतं, कारण ब्रेल पोरगी उशिरा शिकली होती आणि तिला त्यात वेग नव्हता.

घरी अर्थातच आत्या वाचायची. वाचायची म्हणजे जीव ओतून वाचायची. आपण चुकीचं काही शिकवायला नको म्हणून आधी पुस्तकाच्या मागची उत्तरं बघून ठेवायची, मग प्रश्न, मग एकेक पर्याय. पोरगी आलेखावर बोटं फिरवायची आणि सांगायची. पहिल्या महिन्यात निम्मी उत्तरं चुकली. तिसऱ्या महिन्यात चुकणारं उत्तर शोधावं लागायला लागलं. आत्यानं सगळं दुकान डोक्यावर घेतलं. शर्ट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही थांबवून सांगायची की आमची पोरगी विज्ञानात कशी धावतेय. मास्तर म्हणायचे, "आत्या, अगोदर त्याचं बटण लाव."

परीक्षेच्या पाच आठवडे आधी केंद्रावर एक सराव परीक्षा झाली. तिथे नियमाप्रमाणे वाचणारा परका होता, ऑफिसातला एक तरुण कारकून. निकाल तिथल्या तिथे हातात आला. विज्ञानात चाळीसपैकी चौदा. गेल्या वर्षीपेक्षाही कमी.

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग तिला राग आला. रस्ताभर ती त्या कारकुनाचा उद्धार करत होती. "असं वाचतात का? बाजारभाव सांगितल्यासारखं? पोरीला कळणार काय त्यातून कप्पाळ." पोरगी तिचा दंड धरून चालत होती. घरी दादानं आकडा ऐकला आणि सकाळी साहेबांना भेटतो एवढंच म्हणून हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या पुस्तक घेऊन बसली तर पोरीनं आलेख बाजूला सारला.

"आत्या, न सोडवलेला एखादा प्रश्न काढ. पण प्रश्न वाचू नकोस. नुसते चार पर्याय वाच."

"प्रश्नाशिवाय? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"वाच तर."

आत्यानं सवयीनं मागचं उत्तर बघून घेतलं आणि वाचलं. वीस अंश. पस्तीस अंश. पन्नास अंश. पासष्ट अंश.

"पन्नास," पोरगी म्हणाली.

बरोबर होतं. आत्यानं दुसरा काढला. तो एका तळ्याबद्दल होता, त्यातले मासे का मेले यावर दोन शास्त्रज्ञांचं भांडण होतं. पोरीला त्यातलं काही न सांगता तिनं चार वाक्यं वाचली. पोरीनं दुसरं वाक्य म्हणून सांगितलं. तेही बरोबर. तिसराही बरोबर आला तेव्हा आत्यानं पुस्तक मांडीवर पालथं घातलं.

"तू बरोबर उत्तराच्या आधी श्वास घेतेस," पोरगी म्हणाली. "बारीकसा. आणि ते वाचून झालं की थोडी थांबतेस."

"मी? मुळीच नाही."

"मला आधी माहीत नव्हतं. खरंच. मला वाटायचं मलाच येतंय. मग कधीतरी कळलं. आणि कळल्यावरही मी बोलले नाही." तिचा आवाज बारीक झाला. "तू इतकी खूश व्हायचीस."

आत्याला पोरीवर रागावावं असं क्षणभर वाटलं, पण राग कुठला यायला. लाज वाटली ती स्वतःची. इतके महिने आपण पोरीला शिकवतोय असं धरून चाललो, आणि पोरगी शिकली काय, तर आपल्याला. तिला रडू आलं. ते पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं ओठ दाबले, पण तेही पोरीला ऐकू गेलंच असणार.

उपाय मग तिनं सगळे करून पाहिले. मागची उत्तरं न बघता वाचलं. पण इतक्या महिन्यांत तिला स्वतःलाच विज्ञान यायला लागलं होतं, करता काय. पर्याय उलटे वाचले. एका दमात वाचले. नाक धरून वाचले, तेव्हा दोघींना हसू आलं, आणि हसता हसता पोरगी म्हणाली, "तिसरा." मग हसू संपलं. आत्यानं पुस्तक मिटलं. कळायचं ते तिला कळून चुकलं होतं. पोरीला परका आवाज हवा होता. बाकी कुणीही चाललं असतं, फक्त ती नको होती.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी दुकानात येऊन बसायला लागली. कपड्याची वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात आत्या पुस्तक द्यायची. कुणी अडखळत वाचायचं, कुणी घाईनं, एका पोलिसानं तर जबाब वाचल्यासारखं वाचलं. औषधाच्या दुकानातला म्हातारा पर्याय वाचून झाले की "मला वाटतं पहिला" म्हणायचा आणि तो हटकून चुकीचा असायचा. पहिले दोन दिवस पोरीची उत्तरं धडाधड चुकली, मग पुन्हा बरोबर यायला लागली. आत्या कोपऱ्यात, बोटाला सुई टोचू नये म्हणून पत्र्याचं टोपण चढवून, मान खाली घालून काजं करत होती. तोंडातून शब्द नाही. ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाचं उणंदुणं पोटात ठेवलं नाही, तिनं मूग गिळून बसायचं म्हणजे काय हाल झाले असतील विचार करा.

चौथ्या दिवशी मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "आत्या, तू आतल्या खोलीत बस."

"मी काय केलं? तोंड तरी उघडलंय का?"

"बरोबर पर्याय वाचला गेला की तुझा हात थांबतो. बोटातलं टोपण सुईवर वाजायचं बंद होतं. मला ऐकू येतं, तर तिला येणार नाही?"

आत्यानं पोरीकडे पाहिलं. पोरीनं मान हलवली, हो म्हणून.

ती उठली, कपड्यांचा गठ्ठा काखेत मारला आणि आत गेली. मास्तरांनी मधलं दार लावून घेतलं. त्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं आणि जुन्या कापडाचे गठ्ठे. पुढचे चार आठवडे ती तिथेच बसली. बाहेर कुणीतरी वाचतंय एवढं कळायचं, काय वाचतंय ते कळायचं नाही. घरीही तिनं विज्ञानाचा विषय काढला नाही. पोरगी संध्याकाळी जास्त गप्प असली तर उगीच जास्त वाढायची, एवढंच तिच्या हातात होतं. आपल्यावाचून हिचं पान हलत नाही असं इतकी वर्षं मानलं, आणि आता आपण बाजूला झालो तरच हिचं भलं आहे. हे तिला दुखत होतं. काजं तेवढी त्या महिन्यात फार सुरेख झाली.

परीक्षा झाली. केंद्रावर दादा गेला होता. आत्या गेली नाही. महिन्यानं निकाल आला तोही दादानंच कारखान्यातून धावत येऊन सांगितला. विज्ञानात पंचवीस, हवे होते चोवीस. तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि रडला. मग साहेबांना जागा नको म्हणून सांगायला परत गेला. ते सांगायला तो नाचत गेला म्हणाना.

पोरीचं वसतिगृह लांब होतं. जायच्या आदल्या दिवशी आत्या तिच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पोरगी शेजारी बसून एकेक कपडा हातानं ओळखून पिशवीत ठेवत होती. मध्येच म्हणाली, "एका प्रश्नाला मी अडले होते, आत्या. दोन रेषा एकमेकींना कुठे छेदतात, त्याचा होता. दोन उत्तरांमध्ये जीव अडकला. वाचणाऱ्या बाईंना मी पर्याय परत वाचायला लावले. सवयीनं कान लावून बसले. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं."

आत्याचे हात थांबले.

"इतकं एकटं वाटलं मला तेव्हा," पोरगी म्हणाली. "नजर गेली त्या दिवशीसुद्धा नव्हतं वाटलं, तेव्हा तू होतीस ना. उठून यावंसं वाटलं. मग परत पहिल्यापासून दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं."

"आणि? काय सांगितलंस?"

"तिसरा म्हटलं."

"बरोबर होतं का?"

"काय माहीत. उत्तरं सांगत नाहीत ते."

आत्यानं आजवर या पोरीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःला आधी माहीत असायचं. याचं नव्हतं, आणि कधी कळणारही नव्हतं. मग तिनं पुढची घडी घातली आणि पोरीच्या हातात दिली.