दुखणं माझं, मान आत्याचा

"हा स्किझोफ्रेनिया आहे," डॉक्टर म्हणाल्या. आई रडायला लागली. आत्या मात्र फणकारली, "ह्यांना काय कळतंय? आमच्या पोरीच्या अंगात देवी येते."

मला ऐकू येणारी बाई कन्नडमध्ये दरडावायची, आणि आमची कुलदेवी कर्नाटकातली. आत्याला एवढा पुरावा पुरला. राजाजीनगरातल्या आमच्या घरी दर मंगळवारी ती मला पाटावर बसवून कपाळभर कुंकू फासायची. बायका ओटी भरून विचारायच्या, मुलाचं लग्न कधी जमेल? बेळ्ळंदूरच्या फ्लॅटचा ताबा कधी मिळेल? मी भीतीनं थरथरायची. त्याला त्या वारं म्हणायच्या. एरवी माझ्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या ह्या शिकल्यासवरल्या बायका माझ्या पाया पडत होत्या. अकलेचे कांदे नुसते.

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. मेंदूत सर्किट्स असतात, म्हणजे एका भागाचा निरोप दुसऱ्याकडे नेणाऱ्या वाटा. 'हा विचार माझाच' हे ओळखणारी वाट बिघडली, की आपलाच विचार परक्याचा आवाज होऊन ऐकू येऊ शकतो. डोपामाइन हे निरोप पोचवणारं रसायन. गोळ्या त्याचा जोर कमी करतात.

"नोडम्मा, हे बघ बाई, मेंदू शिकतो. सरावानं त्या वाटा बदलतात," त्या म्हणाल्या. "पण औषध मनानं बंद करायचं नाही."

गोळ्यांनी आवाज ओसरला. मंगळवारी मी पाटावर गप्प बसून राहिले. बायका हिरमुसून परतल्या आणि आत्याचा रुबाब उतरला. "गोळ्यांनी देवी कोपली," म्हणत तिनं त्या गुपचूप मोरीत टाकल्या. आवाज परत आला. अन्नात विष आहे, असं तो सांगायचा. मी जेवण सोडलं आणि शेवटी वॉर्डात भरती झाले.

आत्या तिथंही अंगारा घेऊन आली. जाताना नर्सला विचारलं काय, तर मंगळवारी इथं बायका आल्या तर चालतील का!

मी घरी आले, तशी ती पुन्हा पाट मांडायला हजर. उंबऱ्यातच तिनं माझ्या कपाळाला कुंकू फासलं. नणंदेपुढे कधी ब्र न काढलेली माझी आई दारात आडवी उभी राहिली.

"वन्सं, देवी पाहिजे तर देवळात जावा. इथं माझी लेक राहते."

आवाज अजून अधूनमधून येतो, पण बारीक. तो माझाच आहे, हे मला बहुतेक वेळा ओळखता येतं. तुमच्या घरात कुणाला असं होत असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्या आणि पाया पडणाऱ्यांना हाकलून द्या. ते नुसते भाविक नसतात, मतलबी असतात.

आईचे उपकार मात्र फिटायचे नाहीत. त्या दिवशी तिनं दार लावलं, माझ्या कपाळावरचं कुंकू पदरानं पुसलं आणि विचारलं, "भूक लागली का गं?"