पूर्वेची पाचर

सुताराचा दिवस पहाटे चारला उजाडायचा. ऊन चढायच्या आत परांचीवर हजर, हा त्याचा शिरस्ता. तीस वर्षं त्याने घुमटांखालचे लाकडी साचे उभे केले. गवंडी वर विटा रचणार, चुना धरेपर्यंत सगळा भार साचा पेलणार. मग साचा उतरायचा. घुमट मागे राहतो, सुताराचं काम जळणात जातं.

साचा पाचरींवर टेकलेला असतो. समोरासमोरच्या दोन पाचरी रोज बोटभर सैल करायच्या. एकच सैल केली तर भार कलतो. कुठली किती सैल आहे हे ठोकणाऱ्यालाच ठाऊक, म्हणून ज्याने ठोकल्या त्यानेच काढायच्या.

एका जुन्या इमारतीवर नवा घुमट चढत होता. तिथे सुताराच्या बायकोचा धाकटा भाऊच गवंडी होता. विसाव्या दिवशी मुकादम आला.

"साचा उतरव. लाकूड दुसरीकडे हवंय."

सुताराने नाखुशीने पूर्वेची पाचर सैल केली. लाकूड कण्हलं. तो थांबला.

"चुना ओला आहे. अजून महिना लागेल."

"महिनाभर मी काय घुमट डोक्यावर घेऊन बसू?"

"बसा की. डोकं रिकामंच आहे."

वर विटांपाशी बसलेला मेहुणा खो खो हसला. मुकादमाचं तोंड लाल झालं. "चालता हो!"

सुतार मोगरी फेकून तडक निघाला. पूर्वेची पाचर पुन्हा ठोकायची राहिली. घरी जेवताना त्याला आठवलं. 'मुकादम येईल पाया पडत, तेव्हा ठोकू,' म्हणून तो झोपला.

मुकादम पाया पडला नाही. सकाळी त्याने मेहुण्याला धमकावलं, "तू काढ, नाहीतर तूही घरी बस." पूर्वेची घट्ट आहे असं धरून मेहुण्याने उत्तर-दक्षिणेच्या समोरासमोरच्या दोन काढल्या. साचा कलला, पाठोपाठ विटा आल्या. मेहुण्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

दवाखान्यात मेहुण्याने एवढंच विचारलं, "दाजी, ती सैल होती?"

"हो."

"मला वाटलं, तुम्ही हातच लावला नसेल. तुम्ही काम अर्धवट सोडत नाही ना."

बायको खाटेच्या पलीकडे उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

सुतार दुसऱ्या गावी कामाला लागला. आता तो तीनलाच उठे. एकदा घरी आला तेव्हा त्याने सागाचा एक तुकडा निवडला आणि मेहुण्याच्या पायाचं माप घ्यायला बसला. मेहुण्याने पाय मागे ओढला.

"तुमच्या हातचा नको, दाजी."

सुताराच्या दोन वर्षांच्या मजुरीतून दुकानातला पाय आला. सांध्याचं काम कच्चं होतं. सुताराने ते पाहिलं आणि हत्यारांच्या पेटीकडे गेलेला हात मागे घेतला.