खंडेनवमीला निजवलेला काँप्युटर

खंडेनवमी, ऑक्टोबर १९९७. संध्याकाळी मी काँप्युटर पुसत होते. कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूर गावात, बायकांच्या दूध संस्थेला त्यावर हिशेब शिकवायला कोल्हापूरहून आले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मद्रासची गाडी होती.

आठवडाभर शिकवलं खरं, पण कीबोर्डासमोरून गुमास्ता मणी हलेना. "हात लावला तर बिघडेल, अक्का." संस्थेनं हिशेबासाठी निवडलेली रखमाक्का त्याच्या खांद्यामागे उभी राहून नुसती पाही. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, तरी मराठी बोलणारं. मी गेल्यावर ती मागेच राहणार, हे दोघींनाही कळत होतं.

आज मणी घरी जायच्या घाईत होता. मी म्हटलं, "रखमाक्का, बस आता खुर्चीवर."

"आज नको हो. आज हत्यारांस विसावा. पूजा करून निजवायचं, उदईक (उद्या) उचलायचं."

"माझी गाडी तुझ्या उदईकसाठी थांबेल?"

"मग गाडीसही निजवा!" पूजेला जमलेल्या बायका खिदळल्या.

मणीनं गंधाची वाटी रखमाक्काकडे सरकवली. "गंध-कुंकू बायकांचं काम," असं तमिळमध्ये म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला.

"कळांवर नको, ओल आत जाईल," मी बजावलं. रखमाक्कानं पडद्याच्या चौकटीवर गंध लावलं, कुंकू टेकवलं, समई पेटवली. काळ्या काचेत ज्योत हलली आणि तिच्यामागे सगळ्यांचे चेहरे, कावेरीच्या तळाशी बसल्यासारखे. बाहेर भातशेतं धुरकट होत विरत चालली होती. मला असलं काही वाटत नाही सहसा. पण तेव्हा ती खोली हळूच पाण्यावर निघाली होती. मग रखमाक्कानं नव्या पंच्यानं काच झाकली आणि पोरी (चुरमुरे) गुळाबरोबर वाटल्या.

"ज्यानं निजवलं, त्यानंच उचलायचं. अशी रीत," ती चावता चावता म्हणाली.

"मणीला माहीत आहे?"

"त्याच्या घरीही तेच. आज घाईत विसरला."

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी मी जाऊ दिली. मणी नाहूनमाखून आला, सवयीनं खुर्चीकडे वळला.

"निजवलं कोणी, तंबी (धाकट्या भावा)?" रखमाक्कानं विचारलं.

तो पंच्याकडे पाहत राहिला. मग बाजूला झाला.

तिनं दसऱ्याच्या विद्यारंभासाठी ताटात पसरलेल्या तांदळात बोटानं एक अक्षर काढलं, पंचा उचलला आणि खुर्चीवर बसून एका बोटानं सकाळच्या दुधाचा आकडा दाबला. मणी तिच्या खांद्यामागे उभा राहिला. मीही जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिले, हात पाठीमागे बांधून.