लोड तेवढा कोळसा

माणसाचं पोट आणि कारखान्याचा बॉयलर यांत काडीचाही फरक नाही असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका आमच्या भिंतीपलीकडे राहत होता. माझी मैत्रीण सुमी, तिचे हे वडील, अण्णा. मूळचे रावेतचे, नोकरीला पिंपरीच्या एका कंपनीत, बॉयलरवर. चिंचवडच्या आमच्या चाळीतले बाकीचे पुरुष शिफ्टवरून येताना थकवा घेऊन येत, अण्णा सिद्धान्त घेऊन येत. ‘लोड तेवढा कोळसा’ हा तो सिद्धान्त. काम किती पडणार ते बघावं आणि त्या मानानं भट्टीत टाकावं. चाळीतली आम्ही वयात आलेली पोरं म्हणजे त्यांच्या मते सगळ्यात बेभरवशाचे बॉयलर. “ह्या वयात भट्टी नवी अस्ती. टाकाल तेवढं खाती. पर चाक फिराया नको व्हय?” असं ते आमच्या आयांना, न विचारता, समजावून सांगत.

गणपतीच्या शिऱ्यासाठी दुसऱ्यांदा हात पुढे केला की अण्णांचा प्रश्न ठरलेला, “आज काय केलंस?” ‘अभ्यास’ हे उत्तर त्यांच्या लेखी उत्तरच नव्हतं. मग सार्वजनिक नळावरून कुणाचं तरी पिंप भरून द्यायचं, तेव्हा कुठे शिरा हातावर पडे. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाळ्याला मॅट्रिकच्या वर्षी त्याची आई सकाळ-संध्याकाळ तूप-भात भरवी. अण्णा भर जिन्यात म्हणाले, “वहिनी, लोड न्हाई आन् कोळसा चाललाय. शेफ्टी व्हॉल्व उडंल एक दिवस.” वहिनींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं ते थेट निकाल लागेपर्यंत. पण अण्णा कुणाच्या तोंडचा घास काढणारे नव्हते. शाळेआधी सायकलवर दूध घालणाऱ्या एका हडकुळ्या पोराला रस्त्यात गाठून ते त्याच्या खिशात शेंगदाणे-गूळ कोंबत. “लोड हाय आन् कोळसा न्हाई, ह्ये तर पाप हाय,” म्हणत. सगळी चाळ त्यांना हसे, आणि खरं सांगायचं तर आठवड्यातले सहा दिवस त्यांचं काही चुकतही नसे.

चुके ते गुरुवारी. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. बॉयलर थंड, म्हणून अण्णांच्या घरी चूलही मंद. दिवसभर मुगाचं पातळ कढण, बास. अण्णा स्वतः ते पिऊन दुपारपर्यंत ताणून देत. गुरुवारी शाळा भरते आणि रविवारी नसते, ही गोष्ट या गृहस्थाच्या डोक्यात इतक्या वर्षांत शिरलीच नव्हती. त्यांच्या लेखी गुरुवारी अख्खं जग बंद. सुमीनंही कधी सांगितलं नाही. अण्णा म्हणतील ते बरोबरच, असं मानणारी चाळीत ती एकटीच होती.

सुमी आमच्या शाळेची खो-खोतली हुकमी खेळाडू. उंच, सडपातळ, आणि खांबाला वळसा घ्यायची तो बघत राहावा असा. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्षी आमचा संघ अंतिम सामन्यात पोचला. जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडणारे सर येणार होते. सुमीला दुसरं काही सुचत नव्हतं, कारण त्यानंतर शाळाच संपणार होती. सामना गुरुवारी होता. अण्णा सुट्टीवर, म्हणून पहिल्यांदाच लेकीचा खेळ बघायला आले, तेही इस्त्रीचा शर्ट घालून. पहिल्या डावात सुमीनं असे गडी बाद केले की अण्णा शेजारच्या अनोळखी माणसाला “आमची हाय” असं सांगत सुटले. शेवटच्या डावात मात्र खांबापाशी वळताना तिचे पाय लटपटले आणि ती मटकन खाली बसली. निवड करणारे सर दुसऱ्या मुलींकडे बघू लागले. अण्णा धावत मैदानात गेले. “काय झालं गं? काय खाऊन आलीस?” सुमीनं धापा टाकत, अगदी साधेपणानं सांगितलं, “कढण. अण्णा, आज गुरुवार न्हाई का?”

अण्णांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं तिचा घाम पुसला. सुमीची निवड झाली नाही. पुढच्या गुरुवारपासून मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी अण्णा डबा घेऊन उभे. भाकरी, मटकीची उसळ, वर गूळ. सामने संपलेले, सुमी अभ्यासाला बसलेली, धावाधाव कसली ती नाहीच. तरी शाळा संपेपर्यंत एकही गुरुवार चुकला नाही. लोडाचं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

परवा त्यांच्याकडे गेले होते. आता ते निवृत्त झालेत, जिना उतरणंही जमत नाही, आणि ताटाला हात लावत नाहीत. “दिसभर बसून अस्तो. लोड न्हाई, कोळसा कशाला?” म्हणतात. सुमी सासरहून डबा घेऊन आली होती. तिनं भाकरीचा तुकडा उसळीत बुडवून त्यांच्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, “अण्णा, आज गुरुवार हाय.”

अण्णांनी निमूटपणे तोंड उघडलं.