गुळगुळीत की आट्यांची

लाटणं पुंडलिकरावांच्या ताब्यात होतं, म्हणून त्या सकाळी विनताबाईंनी पोळ्यांचा बेत सोडून भाकरी थापायला घेतल्या होत्या. लाटण्याची आज पुन्हा बंदुकीची नळी झाली होती. पुंडलिकराव ओसरीवर मांडी घालून, एक डोळा मिटून नेम धरत होते आणि समोरच्या कण्हेरीवरचा कावळा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात बरगीकडचा तुळशीराम लोहार उभा. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं लांबलचक ओझं.

"राम राम बाई. साहेब हायेत ना? दोन्ही नळ्या घेऊनच आलो. कोणती ते सांगा, दुसरी परत नेतो. उद्या भट्टी मोडून राहिलो. पोराकडं गोंदियाले चाललो."

पुंडलिकरावांच्या हातातलं लाटणं हळूच खाली आलं.

या घराची हकिगत अशी, की पुंडलिकरावांचे पणजोबा भोसल्यांच्या फौजेबरोबर बंदूक खांद्यावर घेऊन जबलपुरात आले आणि दीक्षितपुऱ्यात राहिले. सत्तावनच्या धामधुमीनंतर हत्यारं जमा झाली, त्यात ती चकमकीची बंदूकही गेली. मागे राहिल्या भिंतीतल्या दोन खुंट्या. तेव्हापासून दर दसऱ्याला घरातले पुरुष त्या रिकाम्या खुंट्यांना गंधफूल वाहतात, उदबत्ती ओवाळतात. लग्न होऊन आलेल्या विनताबाईंनी पहिल्याच दसऱ्याला विचारलं होतं, "यांचे देव कुठं बाहेर गेलेत का?" सासूबाईंना ते बरेच दिवस पचलं नव्हतं.

पुंडलिकरावांची नोकरी तोफगाड्यांच्या कारखान्यात झाली. गाड्यांची चाकं त्यांनी अशी जोडली, की रंधा मारलेली जागा बोटाला सापडू नये. तोफा मात्र दुसरीकडेच बसायच्या. जन्मभर बंदुकीच्या इतक्या जवळ राहून हाताला बंदूक लागली नाही, याचं त्यांना फार वाटे. पेन्शनीत आल्यावर त्यांनी ठरवलं, की खुंट्यांवर आपल्या हातची बंदूक ठेवायची. घाईला कारण होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि डॉक्टर म्हणाले होते, बारीक काम करायचं ते या दसऱ्याच्या आत उरकून घ्या.

कचेरीत खेटे घालून ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळवला. शिसवीचा दस्ता घडवला, तो इतका घोटला की शेजारच्या पद्मजाने त्यात बघून कुंकू लावलं. नर्मदेच्या वाळवंटातून गारगोट्या वेचून आणल्या. घोड्याच्या तोंडात गारगोटी, ती पोलादावर आपटली की ठिणगी, ठिणगी दारूत, असा सगळा सरंजाम जमला. अडलं ते नळीपाशी. नळी आतून गुळगुळीत घ्यायची, की जिन्यासारखे वळत गेलेले आटे असलेली?

अडण्याचं कारण विनताबाईंना पक्कं ठाऊक होतं. कारखान्यात नकाशा वरून यायचा. पुंडलिकराव त्यात केसाचा फरक पडू देत नसत, पण नकाशा काय असावा हे त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. बाजारात भाजीला पाठवावं, तर रिकामी पिशवी घेऊन परत येत आणि विचारत, "भेंडी आहे आणि गिलकी आहे. काय करायचं?"

"आटेवाली घ्या!" शेजारचे भय्यासाहेब गोणपाट पाहूनच भिंतीवरून ओरडले आणि पाठोपाठ अंगणात हजर झाले. त्यांनी शिकारीच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या होत्या, शिकार एकही केली नव्हती. "आट्यांतून गोळी भिंगरीसारखी फिरत निघते. दोनशे पावलांवरचा सांबर उभा आडवा!"

"ठासता ठासता सांबर मंडल्याले पोचते," तुळशीराम म्हणाला. "आट्यांत गोळी घट्ट बसवा लागते. गुळगुळीत बरी. गोळी घाला, छर्रे घाला, नाही म्हणत नाही ती."

"पण नेम?"

"नेम धरणाऱ्यापाशी असते, भैया."

पुंडलिकराव एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिले. "दोघांचंही बरोबर आहे," ते खोल आवाजात म्हणाले.

विनताबाईंनी पदराला हात पुसले आणि एकेक नळी आभाळाकडे धरून आत पाहिलं. पहिली कंदिलाच्या काचेसारखी लख्ख. दुसरीतले आटे वळत वळत उजेडाकडे गेलेले. दिसायला हीच देखणी, त्यांना वाटलं.

"अहो, गोळी कुठं मारायची आहे?"

"गोळी? छे. दसऱ्याला नर्मदेच्या ग्वारीघाटावर नुसत्या दारूचा एक बार काढायचा, की खुंटीवर ठेवायची."

"मग जी गोळी घालायचीच नाही, ती फिरवून राहिले काहून?"

मग भय्यासाहेब खाकरले. "वहिनी, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"अच्छा! आणि दारूची काजळी त्या तत्त्वात जाऊन बसली, की गजाला चिंधी लावून घासत कोण बसणार? तुम्ही येणार? गुळगुळीत घ्या. झाला हुकूम."

तुळशीराम हसला. आटेवाली पुन्हा गोणपाटात गेली. पुंडलिकरावांचा चेहरा मात्र उजळला नाही. "तरी पण... सावकाश विचार केला असता..." ते पुटपुटले. विनताबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हुकूम मिळूनही हा माणूस खूश नाही, म्हणजे अडलंय ते नळीपाशी नव्हेच.

तुळशीरामाने दस्त्यावरचा घोडा तपासायला बंदुकीच्या कानात, ठिणगी पडते त्या वाटीत, चिमूटभर दारू टाकली आणि चाप ओढला. नुसता फुस्स आवाज झाला, धूर निघाला. धूर विरला तेव्हा पुंडलिकराव कोठीघराच्या दाराआड होते.

भय्यासाहेब भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तुळशीराम हसला नाही. ओझं उचलून म्हणाला, "येतो बाई. दसऱ्याले आवाज गोंदियापर्यंत आला पाहिजे," आणि निघाला. भय्यासाहेबांना विनताबाईंनी दोन भाकरी हातात देऊन घरी पाठवलं.

मग त्या कोठीघरात गेल्या. नवरा गव्हाच्या पोत्यावर बसला होता, गुळगुळीत नळी मांडीवर घेऊन.

"नसेल वाजवायची तर राहू द्या," त्या म्हणाल्या. "खुंटीवर तशीच ठेवू. कोण विचारायला येतंय?"

"नाही. माझ्या हातची बंदूक वाजलीच पाहिजे, आणि मीच वाजवणार." त्यांनी नळीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "फक्त एवढं कर. बंदुकीला दोन्ही हात लागतात. बार काढताना माझे कान तू झाक."